देशात व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकच का? एनसीपीएचा 'सीझन' कसा उभा राहतो, समजून घ्या

मराठीत 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की अजूनही अनेकांना गणेशोत्सवातला मांडव, की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि जुनी हिंदी-मराठी गाणी आठवतात. मुंबईत नरिमन पॉइंटला मात्र याच नावाचं वेगळंच प्रकरण आहे. तिथल्या एनसीपीएमध्ये वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया'चा सीझन रंगतो. व्हायोलिन, चेलो, ओबो, फ्रेंच हॉर्न, टिम्पनी अशा वाद्यांचे मोठे ताफे घेऊन वादक बसतात आणि बेथोव्हेन, चायकोव्स्की, ब्राम्स यांच्या रचना माइकशिवाय वाजवल्या जातात.

ही संस्था स्वतःची ओळख भारतातला पहिला आणि एकमेव व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा अशी करून देते. दीडशे कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात असा एकच ऑर्केस्ट्रा का? त्यातही बरेच वादक परदेशातून का येतात? आणि ज्याने कधीच सिम्फनी ऐकली नाही, त्याने तिकीट काढावं का? नवा सीझन जाहीर होताना हे प्रश्न दरवेळी पडतात. उत्तरं एकेक करून पाहू.

'सीझन' म्हणजे नेमकं काय?

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची सभागृहं एकेक सुटा कार्यक्रम जाहीर करत नाहीत. काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा पूर्ण कार्यक्रम आधीच ठरवतात. कोणत्या तारखेला कोणती रचना, कंडक्टर कोण, एकल वादक कोण, हे सगळं एकत्र जाहीर होतं. यालाच सीझन म्हणतात. आपल्याकडच्या सवाई गंधर्व महोत्सवात कलाकार आधी कळतात, पण तो कोणता राग गाणार हे बहुधा मंचावरच कळतं. इथे उलट आहे. इथे रचना आधी ठरते, कारण त्या रचनेला किती आणि कोणते वादक लागतील हे स्वरलिपीतच लिहिलेलं असतं.

मोझार्टची एखादी सिम्फनी तीस-चाळीस वादकांत वाजते. महलरच्या सिम्फनीसाठी नव्वद-शंभर वादकही कमी पडू शकतात. म्हणजे रचना बदलली की वादकांची संख्या, तालमींचे दिवस, मंचाची मांडणी आणि खर्च हे सगळंच बदलतं. नामवंत एकल वादकांच्या तारखा तर दोन-दोन वर्षं आधी घ्याव्या लागतात.

युरोपात या सीझनभोवती शहरांचं सांस्कृतिक आयुष्य फिरतं. लंडनचे 'प्रॉम्स' १८९५ पासून सुरू आहेत आणि १९४१ पासून रॉयल अल्बर्ट हॉल हे त्यांचं घर आहे. तिथे उभ्याने ऐकायची स्वस्त तिकिटं मिळतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या वर्गणीदार जागांसाठी तर अनेक वर्षांची प्रतीक्षायादी असते. मुंबईचा सीझन त्या मानाने छोटा, मोजक्या आठवड्यांचा असतो. पण तो उभा करणं जास्त अवघड आहे.

हे सभागृह आलं कुठून?

एनसीपीए म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकारातून १९६९ मध्ये ते सुरू झालं. जमशेद हे अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचे धाकटे भाऊ. नरिमन पॉइंटची सध्याची जागा समुद्रात भराव टाकून तयार केलेली आहे.

इथली दोन मोठी सभागृहं पाहिली की दोन संगीतपरंपरांमधला फरक लगेच कळतो. १९८० मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालेलं टाटा थिएटर भारतीय संगीत डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं आहे. अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी ते घडवलं. सुमारे एक हजार श्रोते मंचाभोवती पंख्यासारख्या आकारात बसतात. मैफलीत गायकाचा चेहरा, हाताची हालचाल, तबलजीशी होणारी नजरानजर हे सगळं दिसायला हवं, म्हणून श्रोता जवळ आणला आहे.

ऑपेरा आणि मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी मात्र वेगळी जागा हवी होती. खोल मंच, पडदा, आणि मंचापुढे वादकांसाठी खळगा. त्यातून जमशेद भाभा थिएटर आलं. ते जवळपास पूर्ण होत आलेलं असताना १९९७ मध्ये आगीत त्याचं मोठं नुकसान झालं. पुन्हा बांधकाम करून नोव्हेंबर १९९९ मध्ये ते सुरू झालं. ११०९ आसनांचं हे सभागृह आज सिम्फनीच्या सीझनचं मुख्य ठिकाण आहे.

म्हणजे १९९९ मध्ये हॉल मिळाला, पण त्यात वाजवायला कायमचा ऑर्केस्ट्रा नव्हता. तो यायला आणखी सात वर्षं लागली.

त्याआधी मुंबईत ऑर्केस्ट्रा नव्हता का?

होता, आणि चांगला होता. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्याच काळात प्राग आणि बर्लिनमध्ये शिकलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन मुंबईत आले होते. नाझींच्या छायेतून दूर येऊन त्यांनी इथे चेंबर संगीताचे कार्यक्रम सुरू केले. आकाशवाणीच्या सुरुवातीला वाजणाऱ्या ओळखीच्या धूनचं श्रेय बहुतेक अभ्यासक कॉफमन यांनाच देतात.

या ऑर्केस्ट्रात पारशी, गोवेकर, युरोपीय निर्वासित, नौदलाच्या बँडमधले वादक असे सगळे असत. पण तो पूर्णवेळ पगारी नव्हता. बहुतेक जण दिवसा दुसरं काम करून संध्याकाळी तालमीला येत. स्वातंत्र्यानंतर बरेच युरोपीय निघून गेले. मेहली मेहताही परदेशात गेले. त्यांचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, कंडक्टिंग शिकायला व्हिएन्नाला गेला. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्रायल फिलहार्मोनिकचं नेतृत्व त्याच झुबिन मेहतांनी केलं. व्हिएन्नाचा जगप्रसिद्ध नववर्ष कॉन्सर्ट त्यांनी पाच वेळा कंडक्ट केला. मुंबईने जगाला कंडक्टर दिला, पण मुंबईत त्याच्यापुढे बसेल असा पूर्णवेळ ऑर्केस्ट्रा नव्हता.

गोव्याचे वादक कुठे गेले?

भारतात पाश्चात्त्य वाद्यं वाजवणारे लोक कधीच कमी नव्हते. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या शाळांतून तयार झालेले शेकडो वादक कामासाठी मुंबईत आले. हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये आणि नंतर हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंमध्ये त्यांना काम मिळालं.

पन्नास ते सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांमागे व्हायोलिनचे जे भरघोस ताफे ऐकू येतात, त्यात गोवेकर वादकांचा मोठा वाटा आहे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांसारख्या अरेंजरनी त्या गाण्यांना आकार दिला. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये स्वतःचा 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा करून राग आणि हार्मनी यांचा मेळ घालून पाहिला. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी'तल्या अँथनीचं आडनाव गोन्साल्विस झालं, ते प्यारेलाल यांनी गुरूला केलेल्या वंदनामुळेच.

गोन्साल्विस यांचा ऑर्केस्ट्रा टिकला नाही, कारण त्याला कायमचा आर्थिक आधार नव्हता. ऐंशी-नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आला आणि एका की-बोर्डवर पन्नास व्हायोलिनचा आवाज निघू लागला. स्टुडिओतले मोठे ताफे संपले. व्हायोलिन शिकून घर चालवता येईल ही खात्री संपली. वडील वादक असलेल्या अनेक घरांत पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायात गेली. वादकांची साखळी इथे तुटली, आणि आजच्या सीझनमधली मोठी अडचण इथूनच सुरू होते.

मग २००६ मध्ये काय झालं? आणि कझाकस्तानचा संबंध काय?

एनसीपीएचे प्रमुख खुशरू सनटूक यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांना लंडनमध्ये ऐकलं. बिसेंगालिएव्ह मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकलेले आणि स्वतःच्या देशात नवा ऑर्केस्ट्रा उभा केलेले. दोघांनी मिळून २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला.

कझाकस्तान हा योगायोग असला तरी अपघात नाही. सोव्हिएत काळात तिथे संगीतशाळांचं मोठं जाळं तयार झालं. मूल पाच-सहा वर्षांचं असताना शिक्षण सुरू होतं आणि पंधरा-सोळा वर्षं चालतं. त्यामुळे तिथे व्यावसायिक दर्जाचे वादक आहेत. मुंबईत राहणारा भारतीय आणि परदेशी वादकांचा एक कायमचा गट, आणि सीझनपुरते कझाकस्तानसह इतर देशांतून येणारे वादक, अशी या ऑर्केस्ट्राची रचना राहिली आहे.

यावर टीका होते. 'नाव इंडिया आणि वादक परदेशी' हा आक्षेप सुरुवातीपासूनचा आहे. तो निराधार नाही. पण दुसरी बाजूही आहे. सिम्फनीत एक ओबो कमी असेल तर ती ओळ वाजतच नाही, तिच्या जागी बासरी चालत नाही. भारतात गिटार, पियानो, व्हायोलिन शिकणारी मुलं बरीच आहेत. ओबो, बासून, फ्रेंच हॉर्न, व्हायोला, डबल बेस शिकणारी आणि शिकवणारी माणसं फार थोडी आहेत. या वाद्यांच्या किमती काही लाखांत जाऊ शकतात आणि दुरुस्तीचे कारागीरही सहज सापडत नाहीत. ऑर्केस्ट्रा नाही म्हणून कुणी बासून शिकत नाही, आणि बासूनवादक नाहीत म्हणून ऑर्केस्ट्रा उभा राहत नाही. बाहेरून वादक आणणं हा या चक्रातून बाहेर पडायचा एक मार्ग होता.

तो मार्ग किती नाजूक आहे हे कोविडने दाखवलं. सभागृहं बंद झाली आणि परदेशी वादकांचा प्रवासही थांबला.

पैसा कुठून येतो?

तिकीटविक्रीतून सिम्फनीचा खर्च निघत नाही. हे जगात जवळपास सगळीकडे खरं आहे. त्याचं कारण अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ च्या एका पुस्तकात सांगितलं. कारखान्यात यंत्रं आली की तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो. पण बेथोव्हेनची नववी सिम्फनी दोनशे वर्षांपूर्वी जेवढे वादक आणि जेवढा वेळ मागत होती, साधारण तेवढंच आजही मागते. बाकीच्या क्षेत्रांत पगार वाढतात तसे वादकांचेही वाढवावे लागतात, उत्पादन मात्र वाढत नाही. त्यामुळे तूट वाढत जाते.

जर्मनीत ही तूट सरकार आणि महापालिका भरतात. तिथे सार्वजनिक पैशांवर चालणारे शंभराहून जास्त ऑर्केस्ट्रा आहेत. अमेरिकेत देणगीदार आणि मोठे निधी ती भरतात. एनसीपीएचा भार उद्योगसमूह, विश्वस्त निधी, देणगीदार आणि सदस्य यांच्यावर आहे.

या पैशाची किंमत काय असते याचं एक ठळक उदाहरण आहे. जमशेद भाभा यांनी मलबार हिलवरचा 'मेहरांगीर' हा भाभा कुटुंबाचा बंगला एनसीपीएच्या नावे केला. २०१४ मध्ये लिलावात तो ३७२ कोटी रुपयांना विकला गेला. होमी भाभांचं घर म्हणून त्याचं स्मारक व्हावं अशी अनेक शास्त्रज्ञांची मागणी होती, प्रकरण न्यायालयातही गेलं. पुढे तो बंगला पाडला गेला. एक वारसा गेला आणि त्यातून दुसऱ्याला निधी मिळाला. हे योग्य झालं का, यावर आजही दोन मतं आहेत.

यात आपलं काय आहे?

सीझनमध्ये नेहमी फक्त युरोपातल्या जुन्या रचनाच असतात असं नाही. २०१५ मध्ये या ऑर्केस्ट्राने उस्ताद झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी एक कॉन्चेर्टो लिहून घेतला. त्याचं नाव 'पेशकार'. एकल तबलावादनाची सुरुवात ज्या भागाने होते त्याचंच हे नाव. कॉन्चेर्टोत एक वादक आणि बाकी ऑर्केस्ट्रा यांच्यात संवाद असतो. तिथे व्हायोलिन किंवा पियानोच्या जागी तबला आला. २०१९ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर ऑर्केस्ट्राने झाकीरभाईंसह ही रचना वाजवली. ते डिसेंबर २०२४ मध्ये गेले, रचना मात्र लिहिलेल्या रूपात शिल्लक आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. ८७ वर्षांच्या झुबिन मेहतांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचं पहिल्यांदा संचालन केलं. त्याआधी ते मुंबईत यायचे ते परदेशी ऑर्केस्ट्रा घेऊन. यावेळी ऑर्केस्ट्रा मुंबईचाच होता.

याशिवाय चार्ल्स ड्युत्वा, मार्टिन ब्रॅबिन्स यांसारखे कंडक्टर आणि पियानोवादक स्टीफन हफ, बॅरी डग्लस इथे येऊन गेले आहेत. पुच्चिनीचे 'टोस्का', 'मादाम बटरफ्लाय' आणि 'ला बोएम' हे ऑपेराही झाले आहेत. ज्यांना लंडन-व्हिएन्नाचं विमान परवडत नाही त्यांच्यासाठी चर्चगेटपर्यंतची लोकल पुरते, हा या सीझनचा साधा फायदा आहे.

पहिल्यांदा जाताय? एवढं लक्षात ठेवा

• कार्यक्रमाचा क्रम: बऱ्याचदा आधी एक छोटी रचना, मग एकल वादकाचा कॉन्चेर्टो, मध्यंतर, आणि शेवटी मोठी सिम्फनी. एकूण साधारण दोन तास.

• टाळ्या कधी? एक रचना तीन-चार भागांत असते. दोन भागांच्या मध्ये शांतता पसरते तेव्हा टाळ्या न वाजवण्याची पद्धत आहे. गोंधळ होत असेल तर कंडक्टर हात खाली घेऊन प्रेक्षकांकडे वळेपर्यंत थांबा. आपल्याकडे सम आली की दाद जाते. इथे दाद शेवटपर्यंत साठवून ठेवायची.

• सुरुवातीचा तो आवाज: कार्यक्रमाआधी ओबो एक लांब सूर धरतो आणि बाकीचे त्याला जुळवून घेतात. आपल्याकडे तानपुरा जुळवतात तसंच हे.

• वेळ: नाटकाच्या तिसऱ्या घंटेसारखंच. उशीर झाला तर रचना संपेपर्यंत बाहेर थांबावं लागू शकतं.

• कपडे: सूट-बूट लागत नाही. नीटनेटके साधे कपडे चालतात.

• तिकीट: पुढच्या रांगा महाग असतात. ऑर्केस्ट्राचा आवाज वर चढतो, त्यामुळे बाल्कनीतून ऐकायला काही वाईट नाही, शिवाय सगळे वादक दिसतात. सदस्यांना बुकिंग आधी खुलं होतं, म्हणून स्वस्त जागा हव्या असतील तर तारीख जाहीर होताच पाहा. मुलांना नेत असाल तर वयाची अट बुकिंगच्या पानावर तपासून घ्या.

• आधी काय ऐकावं? कार्यक्रमातल्या रचना यूट्यूबवर एक-दोनदा ऐकून जा. ओळखीची बंदिश मैफलीत जास्त भिडते, तसंच इथेही होतं.

पुढे काय?

खरा प्रश्न पुढच्या सीझनला कोण येणार हा नाही. पंधरा वर्षांनी त्या खुर्च्यांवर कोण बसणार, हा आहे. एनसीपीएने स्वतःची संगीत अकादमी सुरू केली आहे. ऑर्केस्ट्रातलेच वादक तिथे लहान मुलांना कॉन्झर्व्हेटरीच्या पद्धतीने शिकवतात. गोव्यात 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' वंचित घरांतल्या मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो देते. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी सुरू केली. ही सगळी कामं वेळखाऊ आहेत. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती आज व्हायोलिन दिलं तर तो ऑर्केस्ट्रात बसायला पंधरा वर्षं जातात. आणि तेव्हा त्याला पगार देणारी जागा नसेल, तर स्टुडिओतल्या वादकांच्या मुलांसारखाच तोही दुसरा व्यवसाय धरेल.

म्हणून या सीझनला गेलात तर कार्यक्रमपत्रिकेतल्या दोन याद्या नक्की वाचा. पहिली वादकांची. त्यात भारतीय नावं किती आहेत आणि ती कोणत्या वाद्यांसमोर आहेत ते पाहा. व्हायोलिनसमोर ती सापडतील. बासून आणि हॉर्नसमोर सापडतात का, हे जास्त महत्त्वाचं. दुसरी यादी देणगीदारांची. ही दोन्ही नावं वाढत गेली, तरच १९३५ पासून पुन्हा पुन्हा सुरू होऊन थांबलेलं हे काम यावेळी टिकेल.